पेशीला कोण सांगतं, तू काय व्हायचंस ते?

सप्टेंबर २०२३ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतून आलेली एक बातमी बऱ्याच जणांनी दोनदा वाचली असेल. जेकब हॅना यांच्या गटानं शुक्राणू, बीजांड, गर्भाशय यांतलं काहीही न वापरता नुसत्या मूलपेशींपासून एक रचना वाढवली होती, आणि ती चौदा दिवसांच्या मानवी भ्रूणाशी बरीच मिळतीजुळती होती. मूलपेशी म्हणजे अजून कुठलंच काम न पत्करलेली, पुढे वेगवेगळ्या प्रकारची होऊ शकणारी पेशी. या रचनेतून गर्भधारणेचं संप्रेरकसुद्धा स्रवत होतं, इतकं की गर्भचाचणी ‘होय’ म्हणत होती.

चर्चा लगेच नैतिकतेकडे वळली, आणि ते ठीकच होतं. मला मात्र त्यातला दुसराच तपशील जास्त चक्रावणारा वाटला. या पेशी कुणी हातानं रचल्या नव्हत्या. थोड्या वेगवेगळ्या अवस्थांना आणलेल्या सुमारे १२० पेशी ठरावीक प्रमाणात एकत्र केल्या, पोषक द्रवात ठेवल्या आणि वाट पाहिली. बहुतेक प्रयत्न फुकट गेले. जेमतेम एक टक्का गोळ्यांत पेशी आपापल्या जागी गेल्या, थर पडले, पोकळ्या तयार झाल्या. हे त्यांना कुणी सांगितलं?

## आराखडा म्हणावा, तर तो कुठेच दिसत नाही

डीएनएमध्ये शरीराचा आराखडा असतो, असं आपण शाळेपासून ऐकतो. डीएनए हा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर आहे. माणसात त्याच्या एका संचात तीनशे कोटींहून थोडी जास्त अक्षरं असतात. या मजकुरातल्या ज्या तुकड्यांवरून पेशी प्रथिनं बनवते ते तुकडे म्हणजे जनुकं. अशी जनुकं माणसात साधारण २०,००० आहेत. आधी जनुकाची आरएनए नावाच्या रेणूत नक्कल होते, मग त्या नकलेवरून प्रथिन बनतं. या सगळ्या क्रियेला जनुक व्यक्त होणं म्हणतात. आपण सोयीसाठी जनुक ‘चालू’ झालं किंवा ‘बंद’ आहे, असं म्हणू.

आता हा अख्खा मजकूर डोळ्यांत तेल घालून वाचला, तरी नाक कुठे असावं, यकृत केवढं असावं, बोटं किती असावीत, हे त्यात एका जागी लिहिलेलं सापडत नाही. कुठलं प्रथिन कसं बनवायचं आणि त्या जनुकाच्या आसपास कुठली प्रथिनं येऊन चिकटू शकतात, एवढंच सापडतं.

दुसरी अडचण याहून मोठी. डोळ्यातल्या पेशीत आणि आतड्यातल्या पेशीत हा मजकूर सारखाच असतो. (तांबड्या रक्तपेशी आपलं केंद्रकच टाकून देतात, रोगप्रतिकार करणाऱ्या काही पेशी डीएनएची थोडी कापाकापी करतात, असे अपवाद मोजकेच.) ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढलं आणि स्वतःचं केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यात ते ठेवलं. बरीच अंडी वाया गेली, पण काहींतून पोहणारे बेडूकमासे निघाले आणि पुढे धडधाकट बेडूकही. म्हणजे आतड्याची पेशी डोळा किंवा पाय घडवण्याची माहिती विसरलेली नव्हती, फक्त ती वापरत नव्हती. हे काम १९६२ साली प्रसिद्ध झालं. नोबेल मिळालं २०१२ मध्ये. काही शोधांना पन्नास वर्षं रांगेत उभं राहावं लागतं.

तेव्हा मजकूर सगळ्यांकडे सारखाच आहे, आणि फरक पडतो तो कुठल्या पेशीत कुठली जनुकं चालू आहेत यानं. ती चालू-बंद करण्याचं काम मुख्यतः प्रथिनंच करतात. आणि ती प्रथिनं कुठून येतात? जनुकांवरून.

## मग सुरुवात कुणी केली?

कोंबडी आधी की अंडं, असाच हा प्रश्न वाटतो, पण इथे त्याला उत्तर आहे. आई आधी.

फलन झाल्यावर पहिले काही दिवस भ्रूणाचा स्वतःचा डीएनए जवळपास गप्प असतो. मानवी बीजांड सुमारे ०.१ मिलिमीटर रुंदीचं, शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक. त्याचा हा आकार उगाच नाही. बीजांड पक्व होत असतानाच आईच्या शरीरात त्यात हजारो जनुकांच्या आरएनए नकला आणि प्रथिनं भरून ठेवली जातात. पहिली विभाजनं या शिदोरीवर पार पडतात. वडिलांकडून आलेली जनुकं तेव्हा पेशीत हजर असतात, पण त्यांचा आवाज अजून फारसा फुटलेला नसतो.

मग सूत्रं भ्रूणाच्या हाती येतात. उंदरात हे दोन पेशींच्या अवस्थेलाच घडतं. माणसात चार ते आठ पेशींच्या सुमारास, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी. एकीकडे आईकडून आलेल्या नकला मोडीत काढल्या जातात, दुसरीकडे भ्रूणाची स्वतःची जनुकं मोठ्या संख्येनं चालू होतात. प्रयोगशाळेत फलन केलेली अनेक मानवी भ्रूणं नेमकी याच सुमारास वाढायची थांबतात. त्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत, पण हा सांधा अवघड आहे हे त्यावरून दिसतं.

फळमाशीत तर आईची सोय आणखी पुढे जाते. ती अंड्यात बायकॉइड नावाच्या जनुकाची आरएनए नक्कल ठेवते, आणि तीही नेमकी एका टोकाला. त्या टोकाशी प्रथिन बनू लागतं आणि अंड्यात पसरत जातं: टोकाशी दाट, मध्याकडे विरळ, मागे जवळपास नाहीच. माशीच्या भ्रूणात सुरुवातीला नुसती केंद्रकं वाढत जातात, त्यांच्यामध्ये पेशींच्या भिंती नसतात, म्हणून प्रथिनाला असं पसरता येतं. जिथे ते दाट, तिथे डोकं होतं. आईकडे हे जनुक बिघडलेलं असेल तर अळीला डोकं आणि छाती येतच नाही, पुढच्या टोकालाही शेपटीकडचेच भाग येतात. आईत या जनुकाच्या जादा प्रती घातल्या, तर डोक्याच्या भागाची हद्द मागे सरकते. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी माशीच्या भ्रूणात अशी जनुकं धुंडाळून काढली आणि १९९५ सालचं नोबेल एडवर्ड लुईस यांच्यासह वाटून घेतलं. बायकॉइडची ही उतरती दाटी प्रत्यक्ष दाखवणारं काम न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्याच प्रयोगशाळेतून १९८८ साली आलं.

डोकं कुठे, याची माहिती इथे अक्षरांत लिहिलेली नाही. एक रेणू कुठे किती दाट आहे, एवढ्यावर ते ठरतं.

## दोन किल्ल्यांचा लॉकर

एका प्रथिनाच्या दाटीवरून फार तर पुढचं-मागचं ठरेल. शरीरात शेकडो प्रकारच्या पेशी असतात, त्या कशा ठरतात?

बँकेचा लॉकर एका किल्लीनं उघडत नाही. एक किल्ली ग्राहकाची, दुसरी बँकेची, आणि दोन्ही एकाच वेळी लागतात. जनुकांचं बहुतेक असंच आहे. प्रत्येक जनुकाच्या जवळ किंवा दूर डीएनएचे काही छोटे पट्टे असतात, ज्यांवर प्रथिनं येऊन बसतात. त्यांना नियामक पट्टे म्हणू. हे पट्टे म्हणजे कुलपं आणि येऊन बसणारी नियामक प्रथिनं म्हणजे किल्ल्या. एकटी किल्ली बहुधा काही करत नाही. दोन-तीन प्रथिनं शेजारी बसली, एकमेकांना धरून राहिली, तरच जनुकाची नक्कल करणारी यंत्रणा तिथे टिकते. शिवाय बँकेत नसते अशी एक सोय इथे आहे: काही प्रथिनं खिट्टीसारखी बसतात, मग किल्ल्या असूनही लॉकर बंदच राहतो.

याचं सर्वांत नीट उलगडलेलं उदाहरण माशीतच आहे. फलनानंतर साधारण तीन तासांत माशीच्या भ्रूणावर एका जनुकाचे सात आडवे पट्टे उमटतात, म्हणजे ते जनुक तेवढ्याच पट्ट्यांत चालू असतं. प्रयोगशाळेत रंग देऊन पाहिले तर इतके रेखीव दिसतात की कुणी पट्टी धरून आखले असावेत. त्यातला दुसरा पट्टा उमटवायला साधारण पाचशे अक्षरांचा एक नियामक पट्टा पुरतो. त्याला दोन किल्ल्या लागतात, बायकॉइड आणि हंचबॅक. या दोन्ही भ्रूणाच्या पुढच्या बऱ्याच मोठ्या भागात असतात, तेव्हा नुसत्या त्यांच्यावर सोडलं असतं तर तिथे रुंद पट्टाच उमटला असता. पण त्या भागाच्या पुढच्या बाजूला जायंट नावाची खिट्टी आहे आणि मागच्या बाजूला क्रुपेल नावाची. दोन्ही किल्ल्या आहेत आणि एकही खिट्टी नाही, अशी जागा मध्ये एक चिंचोळी पट्टीच उरते. तोच दुसरा पट्टा.

‘दुसरा पट्टा इथे काढ’ असा हुकूम कुठेच नाही. आणि ज्या जायंट-क्रुपेलनं ही हद्द आखली, तेही आधीच्या अशाच कुलपांमधून बाहेर आलेले. एका फेरीत उघडलेल्या लॉकरमध्ये पुढच्या फेरीच्या किल्ल्या असतात. गर्भविकासाची गुंतागुंत बरीचशी यातून येते. माणसात नियामक प्रथिनं सुमारे १,६०० प्रकारची आहेत. त्यांच्या जोड्या आणि त्रिकुटं किती होतील, याचा हिशेब करायला बसू नये.

## आत कोण, बाहेर कोण

सस्तन प्राण्यांच्या बीजांडात बायकॉइड नाही. उंदराचं किंवा माणसाचं आठ पेशींचं भ्रूण घेतलं तर त्यातल्या पेशींत ठसठशीत फरक दिसत नाही. तरी दोनेक दिवसांत त्यांच्यात कामाची वाटणी होते: बाहेरच्या पेशींपासून पुढे वारेचा मोठा भाग होतो, आतल्या पेशींपासून बाळ. कुठल्या पेशीनं कुठली वाट धरायची हे ठरतं कसं?

ते ठरतं कोणाला किती शेजारी आहेत यावरून. हे उंदरांत नीट तपासलं गेलं आहे, आणि २०२० मध्ये मानवी आणि गाईच्या भ्रूणांतही तीच तऱ्हा दिसली.

पेशीत यॅप नावाचं एक प्रथिन असतं. डीएनएवर टीड-४ नावाचं दुसरं प्रथिन आधीच बसलेलं असतं, पण एकट्यानं त्याला काही करता येत नाही. यॅप येऊन त्याला भिडलं की सीडीएक्स-२ हे जनुक चालू होतं आणि पेशी वारेच्या वाटेला लागते. दोन किल्ल्या, नेहमीप्रमाणे. आता आतली पेशी चारी बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेली असते. पेशींच्या त्या सांध्यांवरून एक साखळी सुरू होते आणि तिच्या टोकाला यॅपवर फॉस्फेटचा एक छोटा रासायनिक डाग पडतो. डाग पडलेलं यॅप केंद्रकाबाहेर अडकून पडतं. टीड-४ आत वाट पाहत बसतं आणि सीडीएक्स-२ बंद राहतं. बाहेरच्या पेशीची एक बाजू मोकळी असते. तिथे ती साखळी नीट सुरूच होत नाही, त्यामुळे यॅप मोकळं राहून केंद्रकात शिरतं.

मला हा सगळा प्रकार फार देखणा वाटतो. पेशीला आपण भ्रूणात कुठे आहोत हे कळत नाही, कळायची गरजही नाही. तिला फक्त आपली एक बाजू मोकळी आहे की नाही एवढं जाणवतं, आणि ते जाणवणं म्हणजेसुद्धा एका प्रथिनानं दुसऱ्याला धरणं किंवा न धरणं.

पुढे ऑक्ट-४ नावाचं प्रथिन सीडीएक्स-२ला दाबतं आणि सीडीएक्स-२ त्याला. ज्याचं पारडं जरा जड, ते दुसऱ्याला आणखी खाली ढकलतं. त्यामुळे सुरुवातीचा किंचित फरक थोड्याच वेळात पक्का होतो आणि अधलीमधली पेशी सहसा उरत नाही.

वाइझमनच्या गोळ्यांना हे कुणी सांगितलं, याचं उत्तर याच जातीचं आहे. पेशींच्या अंगावर एकमेकींना धरणारी प्रथिनं होती, शेजाऱ्याची चाहूल लागणारी प्रथिनं होती, आणि कुलपं-किल्ल्या प्रत्येकीकडे होत्या. प्रमाण आणि वेळ जुळली तिथे घडी बसली. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ती जुळली नाही, हेही विसरायला नको. त्या रचना खऱ्या भ्रूणाच्या प्रतिकृती आहेत. गर्भाशयात रुजण्याआधीच्या अवस्थेतून त्या गेलेल्याच नाहीत, त्यामुळे त्या रुजूही शकत नाहीत, आणि मूलपेशी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं तसा प्रयत्न करायला साफ मनाई करतात.

## बोलणाऱ्याचं तोंड दाबणारी प्रथिनं

पेशी लांबच्या पेशींशीही बोलतात. त्या संकेत-प्रथिनं बाहेर सोडतात. ती दुसऱ्या पेशीच्या अंगावरच्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतात आणि आत केंद्रकापर्यंत निरोप जातो. मज्जासंस्थेचा जन्म मात्र एक निरोप अडवला गेल्यामुळे होतो.

१९२४ साली जर्मनीत हिल्डे मँगोल्ड आणि त्यांचे मार्गदर्शक हान्स स्पेमान यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फिकट रंगाच्या न्यूट या उभयचर प्राण्याच्या भ्रूणातला पाठीकडचा एक छोटा तुकडा त्यांनी गडद रंगाच्या न्यूटच्या भ्रूणावर, पोटाच्या बाजूला लावला. तिथे दुसरं शरीर उगवू लागलं, मेंदू आणि मज्जारज्जूसकट. पण त्या जादा मेंदूतल्या पेशी बहुतांश गडद होत्या, म्हणजे यजमानाच्या. लावलेल्या तुकड्यानं स्वतः मेंदू न होता शेजाऱ्यांना मेंदू व्हायला लावलं होतं. स्पेमानना १९३५ साली नोबेल मिळालं. मँगोल्ड १९२४ मध्येच एका अपघातात भाजून गेल्या होत्या, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. प्रयोगाची बरीचशी हातमेहनत त्यांची होती.

तो तुकडा शेजाऱ्यांना ‘मेंदू व्हा’ असा काहीतरी निरोप देत असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं आणि तो रेणू शोधण्यात काही दशकं गेली. १९९० च्या दशकात नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिनं सापडली तेव्हा उलटंच निघालं. ती कुठल्या पेशीला काहीही सांगत नाहीत. बीएमपी नावाचं एक संकेत-प्रथिन भ्रूणात सगळीकडे ‘त्वचा व्हा, त्वचा व्हा’ असा धोशा लावून असतं. नॉगिन आणि कॉर्डिन पेशीच्या बाहेरच त्याला मिठी मारून अडवतात. निरोप पोचला नाही की पेशी मेंदूच्या वाटेनं जातात. बेडकाच्या भ्रूणातल्या या पेशी नुसत्या सुट्या-सुट्या करून ठेवल्या, म्हणजे एकमेकींचं बोलणंच तुटलं, तरी त्या मज्जापेशींकडे वळतात.

## वेळ कोण पाळतं?

पाठीच्या मणक्यांचे मूळ गठ्ठे भ्रूणात एकामागून एक, ठरलेल्या ठोक्यानं सुटे होतात. उंदरात साधारण दर दोन तासांनी, माणसात दर पाच तासांनी. ठोका देणारी यंत्रणा अगदी साधी आहे. एचईएस-७ जनुक चालू होतं, त्याचं प्रथिन बनतं, ते परत येऊन स्वतःचंच जनुक बंद करतं. मग प्रथिन झिजून संपतं आणि जनुक पुन्हा चालू. या यंत्रणेतली जनुकं बिघडली की मणके वेडेवाकडे किंवा एकमेकांना चिकटलेले होतात.

उंदराच्या पेशीत माणसाचं एचईएस-७ घातलं तर घड्याळ माणसाच्या चालीनं हळू होईल, अशी अपेक्षा. होत नाही, ते उंदराच्याच चालीनं चालतं. चाल जनुकाच्या अक्षरांवर अवलंबून नाही. त्या पेशीत आरएनए आणि प्रथिनं किती भराभर बनतात आणि किती भराभर मोडतात, यावर आहे.

## माशी, बेडूक, उंदीर… आणि माणूस?

अशा लेखांवर हमखास येणारा आक्षेप म्हणजे माशीत दिसलं ते माणसात खरं कशावरून. आक्षेप निम्मा बरोबर आहे.

१९९५ साली वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत माशीचं डोळ्याशी निगडित एक जनुक माशीच्या पायांत आणि पंखांत चालू केलं गेलं, आणि तिथे डोळे उगवले. मग त्यांनी उंदराचं त्याच घराण्यातलं पॅक्स-६ जनुक वापरलं. तरीही डोळे उगवले, आणि तेही माशीचे, शेकडो भिंगांचे. म्हणजे किल्ली कोट्यवधी वर्षं तीच राहिली, आणि तिनं उघडलेल्या लॉकरांत मात्र प्रत्येकाचा आपापला ऐवज होता. माणसात याच जनुकाची एक प्रत बिघडली तर डोळ्यातला रंगीत पडदा नीट बनत नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी ऑक्ट-४ पाहा. लंडनमध्ये कॅथी नायकन यांच्या गटानं २०१७ मध्ये संशोधनासाठी दान केलेल्या मानवी भ्रूणांत हे जनुक बंद पाडलं. उंदरात तसं केल्यावर भ्रूणाचा पोकळ चेंडू तरी बनतो. माणसात तोही नीट बनेना, आणि परिणाम बाहेरच्या थरातल्या जनुकांपर्यंत पोचला. तेव्हा उंदरावरून माणसाचा अंदाज बांधता येतो, पण तो तपासल्याशिवाय वापरू नये. हा मुद्दा थॅलिडोमाइड या औषधापाशी पुन्हा येईल.

## इतकं नाजूक असेल तर टिकतं कसं?

कारण ते वरून ठरवलेलं नाही. १८९१ मध्ये हान्स ड्रीश यांनी समुद्री साळिंदर या सागरी प्राण्याच्या भ्रूणाच्या पहिल्या दोन पेशी हलवून सुट्या केल्या. दोन अर्ध्या अळ्या होतील असं त्यांना वाटलं होतं. झाल्या दोन पूर्ण अळ्या, फक्त लहान. एकसारखी जुळी भावंडं याच गुणामुळे जन्माला येतात. आठ पेशींच्या मानवी भ्रूणातली एक पेशी तपासणीसाठी काढूनही पुढे निरोगी मुलं जन्मली आहेत (हल्ली तपासणी बहुधा पाचव्या दिवशी, बाहेरच्या थरातून होते). पेशीचं भवितव्य शेजाऱ्यांवरून ठरत असेल, तर एखादा शेजारी गेल्यावर उरलेल्या पेशी नव्यानं जुळवून घेऊ शकतात. शिवाय महत्त्वाच्या जनुकांना बरेचदा एकाच कामाचे दोन-दोन नियामक पट्टे असतात.

पण याला मर्यादा आहे, आणि ती वेळेची आहे. ती कशी, ते शेवटी थॅलिडोमाइडपाशी दिसेल.

## मग जनुकं बदलून हवं तसं मूल घडवता येईल?

एखाद्या जनुकातला गंभीर दोष दुरुस्त करणं ही एक गोष्ट. ‘उंची’ किंवा ‘बुद्धी’ बसवणं ही दुसरी, आणि आतापर्यंतचं वाचलं असेल तर ती का जमत नाही याचा अंदाज आला असेल. एकच प्रथिन अनेक ठिकाणी अनेक जोडीदारांबरोबर काम करतं. सॉनिक हेजहॉग नावाचं संकेत-प्रथिन मेंदूचे दोन अर्ध वेगळे करण्यात लागतं, मज्जारज्जूत लागतं आणि हातापायांची बोटं आखण्यातही लागतं. बोटं बदलायची म्हणून त्या जनुकाला हात लावला, तर मेंदू पणाला लागतो.

हातापायांपुरतं ते चालू करणारा नियामक पट्टा त्या जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरं दूर, चक्क दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. त्यातलं एकच अक्षर बदललं तरी काही कुटुंबांत अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येतं. सापांत हा पट्टा झिजलेला आहे. २०१६ मध्ये उंदरात त्याचा पट्टा काढून सापाचा बसवला, तेव्हा उंदराला पायांच्या जागी नुसते खुंट आले. सापाच्या पट्ट्यातली हरवलेली १७ अक्षरं परत घातल्यावर पाय पूर्ववत झाले. जनुकाला कुणी स्पर्शही केला नव्हता. पाय असणं आणि नसणं यातलं अंतर किल्ली बसण्याच्या एका जागेएवढं होतं.

## थॅलिडोमाइड: एक नको असलेली मिठी

हे सगळं कुतूहलापुरतंच आहे असं वाटत असेल, तर थॅलिडोमाइडची हकिकत पुरेशी आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध बाजारात आलं. गरोदरपणातल्या मळमळीवरही ते दिलं जाऊ लागलं. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतलं जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं खुरटलेल्या किंवा नसलेल्या हातापायांसह जन्मली होती. धोक्याचा काळ नेमका होता: फलनानंतर साधारण २० ते ३६ दिवस. हातापायांचे अंकुर त्याच काळात फुटतात, आणि आपल्याला दिवस गेलेत हे अनेकींना तोवर माहीतही नसतं.

हे औषध नेमकं करतं काय, हे कळायला जवळपास अर्धशतक गेलं. ते डीएनएला धक्का लावत नाही. पेशीत सेरेब्लॉन नावाचं एक प्रथिन आहे, ज्याचं काम नकोशी प्रथिनं निवडून ती मोडीत धाडणं. थॅलिडोमाइड त्याच्या एका खाचेत बसतं, हे जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. खाचेत औषध बसलं की सेरेब्लॉनचा पृष्ठभाग बदलतो आणि एरवी ज्याच्याकडे ते पाहतही नाही अशा सॅल-४ या नियामक प्रथिनाला ते धरतं आणि मोडीत काढतं. हे २०१८ मध्ये उघड झालं. हात घडवणारी एक किल्ली ऐन वेळेला गायब. सॅल-४ चं जनुकच जन्मतः बिघडलेल्या मुलांचे हात इतके सारखे दिसतात की त्यातल्या काहींवर पूर्वी थॅलिडोमाइडचा शिक्का बसला होता.

उंदरांत सेरेब्लॉन आणि सॅल-४ या दोन्हींची घडण जराशी वेगळी आहे, त्यामुळे तिथे ही मिठी बसत नाही आणि उंदरांची पिल्लं धडधाकट जन्मतात. सशांत मात्र व्यंगं दिसतात.

औषध आज पुन्हा वापरात आहे. कुष्ठरोगातल्या एका वेदनादायक गुंतागुंतीवर आणि मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर ते दिलं जातं, गर्भधारणा टाळण्याच्या कडक अटींसह. कर्करोगात ते उपयोगी पडतं तेही याच करामतीमुळे, फक्त तिथे सेरेब्लॉनच्या तावडीत सापडणारी प्रथिनं वेगळी असतात. त्यावरूनच आता औषधांचा एक नवा वर्ग उभा राहतो आहे: रोगाला कारण होणाऱ्या प्रथिनाला चिकटवून मोडीत धाडणारे रेणू. सेरेब्लॉनच्या आधारानं चालणारा असा रेणू तपासताना तो कुणाला धरतो याबरोबरच सॅल-४ला धरत नाही ना, हेही पाहावं लागतं.